ब्रेकागणिक पॅटर्न

अ‍ॅम्ब्युलन्सच्या टपावर लाइटपट्टी बसवून अभिनंदन मगदूम शिडीवरून खाली उतरला, तेव्हा त्याच्या दुकानासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. शाहूपुरीतल्या या दुकानाला पाटी नव्हती. तिची कधी गरजच पडली नव्हती. ऊस ओढणारे ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या बस, गणपतीतल्या मंडळांच्या गाड्या, ज्याला ज्याला आपलं वाहन अर्ध्या मैलावरून ओळखू यावं असं वाटे तो गाडी घेऊन थेट अभिनंदनकडे येई. एका ट्रॅक्टरच्या नाकावर त्याने दिव्यांचा मोर केला होता. तो बघायला वारणानगरच्या कारखान्यावर ऊस उतरवणारी माणसं काम सोडून आली होती, असं तो ट्रॅक्टरवाला सांगायचा.

अ‍ॅम्ब्युलन्स मात्र त्याच्याकडे पहिल्यांदाच आली होती. कुसळेवाडीच्या दूध संस्थेने गावासाठी ती घेतली होती. आत स्ट्रेचर बसलं होतं, ऑक्सिजन बसला होता, सायरनही लागला होता. तेवढे दिवे राहिले होते. संस्थेचे चेअरमन हंबीरराव सकाळपासून दुकानात खुर्ची टाकून बसले होते आणि तिसरा चहा घेत होते.

"उद्या उद्घाटन हाय," हंबीरराव म्हणाले. "गाव बघत ऱ्हायलं पायजे."

"बघत ऱ्हाईल की," अभिनंदन म्हणाला.

टपावर एक लांब पट्टी, पुढच्या जाळीत दोन दिवे, मागे दोन. प्रत्येकातून एक लाल, एक काळी आणि एक बारीक पिवळी वायर निघाली होती. खोक्यात एक घडी घातलेला कागद होता, त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत इंग्रजी छापलेलं. अभिनंदनने आजवर असला कागद वाचला नव्हता. वायर बॅटरीला लावली की ती आपलं काम स्वतःच सांगते, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता. लाल आणि काळीने काम सांगितलं, दिवे लागले. मग त्याने पिवळीचं टोक लालला नुसतं टेकवलं आणि काढलं.

दिव्यांची चाल बदलली. मघाशी लखलखत होते ते आता डावीकडून उजवीकडे पळू लागले. पुन्हा टेकवलं. आता दोन्ही टोकांकडून उजेड धावत आला, मध्यावर आदळला आणि फुटला. पुन्हा टेकवलं. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे कुठेही, कसेही ठिपके उठू लागले. सव्वीसपर्यंत मोजून त्याने मोजणं सोडलं. दुकानासमोरची माणसं बोलायची थांबली होती. समोरचा हार्डवेअरवाला गिऱ्हाइकाला खिळे मोजून देता देता हात तसाच धरून उभा राहिला होता.

"ह्यातला कुठला ठिवायचा?" अभिनंदनने विचारलं.

"समदेच ठेव."

"समदे एकदम लागत न्हाईत आण्णा. एका येळंला एकच."

"मग बदलत ऱ्हाऊ दे."

"बदलायला ड्रायव्हरपाशी बटन द्यावं लागंल."

ड्रायव्हर पिराजी दाराला टेकून उभा होता. दुधाच्या टँकरवर तीस वर्षं काढलेला माणूस, बोलायचा कमी. "मी गाडी चालवू का बटन दाबू?" त्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. अभिनंदनने चहाचा घोट घेतला आणि पिराजीच्या पायाकडे बघितलं. बघता बघता त्याला सुचलं. ड्रायव्हर ब्रेकवर पाय देतो तेव्हा ब्रेकलाइटच्या वायरीत करंट येतो, सोडला की जातो. पिवळी वायर तिथेच जोडली तर? त्याने पेडलवरच्या वायरीत जॉइंट मारला, टेप गुंडाळली आणि पिराजीला कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला सांगितली.

पिराजीने तीनदा ब्रेक दाबला आणि तीनदा गाडीने रूप पालटलं. हंबीरराव खुर्चीतून उठून उभे राहिले. ते सहसा कुणासाठी उठत नसत.

"ब्रेकागणिक पॅटर्न," अभिनंदन म्हणाला. "कुणी कायबी दाबायचं न्हाई."

गाडीबरोबर राहायला संस्थेने स्नेहल नावाची नर्स नेमली होती. ती इतका वेळ खोक्यातला कागद उलटसुलट करून बघत होती. "ह्याच्यात काय काय लिहिलंय, एकदा वाचून बघूया का?" तिने विचारलं.

"कागद कंपनीचा असतोय ताई," अभिनंदन म्हणाला. "वायर आपली असतीय."

स्नेहलने कागदाची घडी घालून तो समोरच्या कप्प्यात ठेवून दिला.

उद्घाटन कुसळेवाडीत अजून आठवतात. संस्थेच्या आवारात सारा गाव बसला होता. हंबीररावांच्या पत्नी शालूबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नारळ फुटला, आणि पिराजीला गाडी जागेवर उभी करून ब्रेक मारायला बसवलं. त्याने पाऊण तास ब्रेक मारला. एकेका पॅटर्नला माणसं श्वास रोखून बसायची आणि तो बदलला की सोडायची. त्या संध्याकाळी धारा दीड तास उशिरा निघाल्या. म्हशी गोठ्यातून ओरडत होत्या आणि मालक आवारात तोंड उघडं ठेवून बसले होते.

त्यानंतर बारा दिवस गावात कुणी आजारीच पडलं नाही. हंबीरराव रोज सकाळी गाडीकडे बघत आणि मग गावाकडे बघत. एकाला ताप आला तर तो दुचाकीवर बसून स्वतःच दवाखान्यात जाऊन आला, म्हणून हंबीररावांनी त्याला बोलावून घेऊन समज दिली.

तेराव्या दिवशी, रविवारी दुपार कलल्यावर, संस्थेची मीटिंग चालू होती. पशुखाद्याच्या पोत्यांचा विषय निघाला आणि हंबीरराव कुशीवर हात दाबून टेबलावर वाकले. सुरुवातीला सभासदांना वाटलं, चेअरमन विषय टाळतायत. पण त्यांचा सदरा घामाने भिजला, ओठ पांढरे पडले, तेव्हा खुर्च्या मागे सरकल्या. स्नेहल धावत आली. तिने नाडी बघितली, बीपी घेतलं.

"मुतखडा वाटतोय," ती शालूबाईंना हळूच म्हणाली. "पण वय बघता हार्टचं पण असू शकतं. मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे, आणि वेळ नाही घालवायचा."

शालूबाईंनी पदर खोचला. चौघांनी चेअरमनना उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. पिराजीने सायरन लावला, दिवे लावले, आणि कुसळेवाडीची अ‍ॅम्ब्युलन्स आपल्या पहिल्या पेशंटला घेऊन कोल्हापूरच्या दिशेने सुटली.

फुलेवाडीपर्यंत सगळं सुरळीत होतं. रस्ता मोकळा, ब्रेक लागतच नव्हता. पुढे रंकाळा आला. रविवारची संध्याकाळ, दिवस मावळतीला आलेला. निम्मं कोल्हापूर काठावर फिरायला आलेलं. एक भेळेची गाडी आडवी आली आणि पिराजीने टँकरवरच्या सवयीने ब्रेक कचकन दाबून सोडला.

टपावरचा उजेड दोन्ही टोकांकडून धावला आणि मध्यावर फुटला.

तळ्याच्या कठड्यावर पाण्याकडे तोंड करून बसलेली माणसं एकामागून एक वळून रस्त्याकडे तोंड करून बसली. पुढच्या दुचाकीवाल्याने मागे बघितलं, आणि नीट बघता यावं म्हणून गाडी थांबवली. तो थांबला म्हणून पिराजीने ब्रेक दाबला. ब्रेक दाबला म्हणून थेंब पडायला लागले. थेंब पडले म्हणून आणखी तिघं थांबले. ते थांबले म्हणून पुन्हा ब्रेक. पाच मिनिटांत पुढे माणसांची भिंत झाली. बापांनी लेकरं खांद्यावर घेतली. मोबाइल वर आले. सायरन ओरडत होता, पण लोकांना ते त्या दिव्यांचंच संगीत वाटत होतं. गाडीच्या कपाळावर अ‍ॅम्ब्युलन्स असं हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ते त्या झगमगाटात कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

एक जण खिडकीशी आला. "पावणं, मंडळ कुठलं?"

"पेशंट हाय आत," पिराजी म्हणाला.

"व्हय व्हय. पर लायटी कुणी केल्यात?"

पिराजीने दात आवळून दिव्यांचं बटण बंद केलं. सगळीकडून हळहळ उमटली. मग गर्दीतले तिघं जण बाह्या सरसावत पुढे आले. कोल्हापुरात गाडी बंद पडलेली दिसली की मदत करू का असं विचारत बसत नाहीत, बॉनेट उघडतात. त्यांनी बॉनेट उघडलं.

"फ्यूज गेला असंल," एक म्हणाला.

"बॅटरीचं टर्मिनल बघ," दुसरा म्हणाला आणि त्याने टर्मिनल हलवून बघितलं.

हात घालून त्यांनी खरोखरच काही उपटायच्या आत पिराजीने दिवे पुन्हा लावले. आपल्यामुळेच लागले असं समजून तिघांनी बॉनेट समाधानाने मिटलं. लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आत हंबीरराव स्ट्रेचरची कड धरून कण्हत होते. "पिराजी, का थांबलाईस?"

"लोकं बघालेत, चेअरमन."

"काय बघालेत?"

"आपल्या लायटी."

हंबीररावांनी मान वर करून टपाकडे बघितलं. "बाजूला हून बघा म्हणावं," ते म्हणाले.

शालूबाई मागचं दार उघडून खाली उतरल्या. "बाबांनो, माझा मालक हाय आत. वाट द्या," त्या हात जोडून म्हणाल्या. एका पोराने मोबाइल डोळ्यांसमोरून न हलवता अत्यंत अदबीने सांगितलं, "मावशी, जरा डावीकडं सरका, मधी यालाय."

तोवर दहा-बारा जणांनी पिराजीला दिवेवाल्याचा नंबर विचारला होता. संतापाने पिराजीने तो मोठ्याने सांगून टाकला.

अभिनंदन घरी जेवायला बसला होता. जैन घर, दिवस मावळायच्या आत ताटं वाढलेली. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. रंकाळ्यावर तुमची गाडी बघितली, आमच्या ट्रॅक्टरला असलंच पाहिजे. दुसरा फोन, तेच. तिसरा, चौथा, तेच. त्याची बायको आदिती ताटावरून त्याच्याकडे बघत होती आणि तो घासागणिक फुलत होता. पाचवा फोन पिराजीचा होता.

"अभिनंदनभाऊ, या आन् तुमचं प्रदर्शन उचला," पिराजी म्हणाला. "चेअरमन आत हाईत. जीव जायची येळ आलीय."

हात न धुताच तो स्कूटरवर बसला. रंकाळ्याच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. स्कूटर तिथेच टाकून तो माणसांतून वाट काढत निघाला, आणि गर्दी जिथे दाट झाली तिथे त्याला समोरचं दृश्य दिसलं.

आपलं काम त्याने आजवर नेहमी हातभर अंतरावरून बघितलं होतं, टेस्टर हातात धरून. गर्दीत उभं राहून कधीच नाही. दोन-तीनशे माणसं, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. लाल, निळा, पांढरा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवरून लाटेसारखा सरकत होता आणि पलीकडे तळ्याच्या पाण्यात पुन्हा एकदा घडत होता. एका बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलीचं तोंड उघडं पडलं होतं आणि तिच्या पडलेल्या दाताच्या जागी निळं, मग लाल, मग निळं भरत होतं. अभिनंदनचे पाय थांबले. तोही बघत राहिला. अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटाची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

मग त्याने मागचं दार उघडलं. हंबीररावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी त्याचं मनगट पकडलं.

"अभिनंदन, गाव बघत ऱ्हायलंय बाबा," ते म्हणाले. "आता त्येला घरी घालीव."

तो पुढे धावला, पिराजीच्या पायांशी डोकं खुपसून डॅशबोर्डखाली घुसला आणि खिशातल्या पक्कडीने पिवळी वायर ब्रेकपासून तोडली. दिवे ज्या पॅटर्नवर होते त्याच्यावरच अडकले. तो नेमका मध्यावर फुटणारा होता. बाहेर कुणीतरी शिट्टी मारली.

अभिनंदनने वायर करंटला टेकवली. थेंब. पुन्हा टेकवली. उजेड गोल फिरायला लागला. पुन्हा. प्रत्येक पॅटर्न आधीच्यापेक्षा देखणा निघत होता आणि बाहेरचा हुंकार वाढत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी साधं, रटाळ, कुणी ढुंकून बघणार नाही असं हवं होतं, आणि ते सापडत नव्हतं.

स्नेहल पुढच्या सीटवर येऊन बसली. तिने समोरचा कप्पा उघडला. प्रसादाच्या नारळाखालून, उदबत्तीच्या राखेतून तो कागद निघाला. तिने तो झटकला आणि मोबाइलच्या उजेडात धरला.

"पिवळी वायर तीन सेकंद धरून सोडली की पहिल्या पॅटर्नवर येतं," ती वाचत म्हणाली. "चालत्या गाडीला हाच वापरावा, असं लिहिलंय."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे उभ्या गाडीसाठी."

अभिनंदनने वायर धरली. एक. दोन. तीन. सोडली.

सगळे दिवे विझले. मग डावीकडे दोन लाल झटके. उजवीकडे दोन निळे झटके. डावीकडे दोन. उजवीकडे दोन. आणखी काहीच नाही. एखाद्या बारशाच्या मांडवालाही कुणी पसंत केलं नसतं असलं ते काम होतं. अभिनंदनला स्वतःचीच शरम वाटली.

पण बाहेर काहीतरी झालं. वर गेलेले मोबाइल खाली आले. सायरन मघापासून वाजत होता तसाच वाजत होता, पण आता तो लोकांना ऐकू आला. भेळेचा कागद हातात धरलेला एक माणूस पापण्या मिटमिटत गाडीच्या कपाळाकडे बघत होता.

"आरं, अ‍ॅम्ब्युलन्स हाय," तो शेजारच्याला म्हणाला. "सरका की."

तो शब्द पुढे गेला. पुढे, आणखी पुढे. आणि डोक्यावर भांग पाडावा तसा तो रस्ता मधोमध दुभंगला. भेळवाल्याने कढई-डब्यांसकट गाडी मागे ओढली. मघाशी बॉनेट उघडणाऱ्या तिघांनी आडवी लावलेली मोटरसायकल उचलली आणि तशीच फुटपाथवर नेऊन ठेवली. मंडळ कुठलं विचारणारा तो माणूस आता गाडीपुढे धावत होता आणि दोन्ही हातांनी लोकांना कडेला लोटत होता.

गाडी सुटली. अभिनंदनला उतरायला वेळच मिळाला नाही. तोडलेलं वायरीचं टोक उघडं होतं. ते पत्र्याला लागू नये म्हणून चिमटीत धरून तो दोन सीटच्या मधे उकिडवा बसला होता आणि काचेतून समोर बघत होता. डावा झटका पडला की डावीकडची माणसं सरकत होती, उजवा पडला की उजवीकडची. रिक्षा, बस, जीप, दुधाचा टेंपो, कुणी थांबत नव्हतं, कुणी बघत नव्हतं, सगळे नुसते वाट देत होते. पुढे अंधार असायचा, गाडी पोचायची आणि तिथे रस्ता असायचा. वीस वर्षं त्याने दिव्यांनी माणसं थांबवली होती. दिव्यांनी माणसं हलवता येतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पिराजीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गिअर बदलला.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत होतं. मुतखडाच होता. सोनोग्राफी बघून डॉक्टर जरा थांबले.

"खडा खाली उतरलाय," ते म्हणाले. "अवघड जागा ओलांडून आलाय. आता औषधाने आणि पाण्याने आपोआप जाईल. दुखायचं कधी कमी झालं?"

"रंकाळा सोडला आन् जरा बरं वाटाय लागलं," हंबीरराव म्हणाले.

"एकोणचाळीस ब्रेक मारलेत मी, डॉक्टर," दाराशी उभा असलेला पिराजी म्हणाला. "कचाकच."

डॉक्टर हसले. असं काही वैद्यकशास्त्र सांगत नाही, खडा त्याच्या वेळेनेच सरकला असेल, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. पण हंबीररावांनी त्यातलं त्यांना हवं तेवढंच ऐकलं होतं.

आठ दिवसांनी ते अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन शाहूपुरीत हजर झाले. बरोबर शेजारच्या गावांतले दोन पाहुणे होते, दोघांचेही हात कुशीवर.

"ते ब्रेकाचं परत जोड," हंबीरराव खुर्चीत बसत म्हणाले. "ह्या दोघांस्नी रंकाळ्यावरनं एक चक्कर मारून आणू."

"न्हाई जोडायचं, आण्णा," अभिनंदन म्हणाला.

गिऱ्हाइकाला नाही म्हटल्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि ती हंबीररावांवर यावी याचं त्यालाही नवल वाटलं.

"का न्हाई?"

काचेतून बघितलेला तो रस्ता त्याच्या डोळ्यांपुढे होता, पण तो शब्दांत कसा मांडावा ते त्याला समजेना. "ट्रॅक्टर आणा, पायजे तेवढं करून देतो," तो म्हणाला. "ह्या गाडीला न्हाई."

"मग ह्येंच्या खड्याचं काय?"

"पाणी पीत जावा म्हणावं."

हंबीररावांनी शालूबाईंना फोन लावला. त्या पलीकडून काय म्हणाल्या ते कुणाला ऐकू आलं नाही, पण ते चहा न घेताच उठले आणि दोन्ही पाहुण्यांना घेऊन गेले.

पुढच्या महिन्यात एका दुपारी अभिनंदन रस्त्यात उभा राहून एका वऱ्हाडाच्या बसची रोषणाई लांबून कशी दिसते ते तपासत होता. कोपऱ्यावर सायरन ऐकू आला. कुसळेवाडीची गाडी वळणावरून आत शिरली. डावा, उजवा. डावा, उजवा. हातगाडीवाल्याने गाडी कडेला घेतली. दोन कॉलेजच्या मुलींनी बोलता बोलताच स्कूटर बाजूला केली आणि बोलणं चालू ठेवलं. हार्डवेअरवाल्याने पायरीवरचं पोतं आत ओढलं. सगळा रस्ता बिनबोभाट उघडत आला. टपावर काय लागलंय इकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

फक्त अभिनंदन बघत होता. मान वर, तोंड उघडं, हातात टेस्टर. असा दिवा त्याने आजवर बघितलाच नव्हता.

गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबली. पिराजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अभिनंदनभाऊ," तो म्हणाला, "सरका जरा. पेशंट हाय आत."